अवघड जागेचे दुखणे

(मराठवाडा-विदर्भातून चाकण परिसरात कामाला आलेल्या कोरडवाहू शेतकरी कुटुंबांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांत वाचून दाखवता यावा म्हणून छापत आहोत. वाचताना बायांना मागे बसवू नये.)



आज कापसाच्या भावाबद्दल बोलायचे नाही. आज बोलायचे आहे ते अशा एका जखमेबद्दल, जिचे नाव सभेत कोणी घेत नाही. बाईच्या लघवीच्या जागी, मायांगाच्या तोंडाशी किंवा त्याच्या आजूबाजूला काही टोकदार घुसले तर काय होते, काय करायचे, आणि केले नाही तर ती बाई पुढे वर्षानुवर्षे काय भोगते, हा आजचा विषय. टोकदार म्हणजे काय? ज्वारीचे धसकट, पऱ्हाटीचा खुंट, बाभळीचा काटा, कुंपणाची तार, सायकलचा मोडका पाईप, कारखान्यातली सळई. मी डॉक्टर नाही, शेतीशास्त्र शिकलेला माणूस आहे. पण खुंट कसा तयार होतो हे मला माहीत आहे, आणि जखम कशी झाकली जाते हे आपणा सर्वांनाच माहीत आहे.

अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्यावर आपण हसतो. हसून झाल्यावर जरा विचार करा. त्या म्हणीत दुखणाऱ्या बाईला एकच वाट ठेवली आहे, गप्प बसण्याची.

बैलाच्या खुरात खुंट गेला तर आपण काय करतो? औत सोडतो. खूर धुऊन बघतो. काडी आत राहिली का ते तपासतो. जनावरांच्या डॉक्टरला बोलावतो आणि आठ दिवस बैल जुंपत नाही. त्याच शेतात, तसाच खुंट घरच्या बाईला लागला तर ती लुगड्याचा बोळा दाबते आणि संध्याकाळच्या भाकरी थापते. बैलाची किंमत आपल्याला बाजारात कळते. बाईच्या श्रमाची किंमत कोणी मोजत नाही, म्हणून तिच्या दुखण्याचीही मोजत नाही.

ही लाज किती महाग पडते याचा आपल्याच राज्यातला पुरावा आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरात ९२ बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही विकार निघाला. त्याआधी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या बाया होत्या शंभरात फक्त ८. हा अभ्यास जखमांचा नव्हता. पण अंगावर काढण्याची सवय किती खोल आहे, हे त्याने आकड्यात दाखवले. आजारात ही गत, तर जखमेत काय होत असेल?

जखम होते कशी

पहाटे अंधारात किंवा रात्री बाहेर बसायला गेल्यावर. महाराष्ट्राचा ग्रामीण भाग २०१८ साली हागणदारीमुक्त जाहीर झाला. पण संडासाला पाणी नसले तर दुष्काळी गावात पाय पुन्हा शेताकडेच वळतात. आणि दिवसभर वेचणीला किंवा काढणीला गेलेल्या बाईसाठी शेतात संडास आहेच कुठे? ती बसते ती धसकटातच. रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायला गेलेली बाई बांधावरून घसरते. गाडीच्या साट्यावरून उतरताना, झाडावरून, शिडीवरून पाय सुटतो. शाळेच्या पोरीच्या सायकलची सीट तुटलेली असते आणि खालचा पाईप उघडा असतो.

इकडे चाकणला तऱ्हा वेगळी. पॅलेटची पट्टी, पत्र्याची कड, क्रेटवरून पडणे. भाड्याच्या खोलीतल्या खुर्चीसारख्या कमोडवर पाय ठेवून उकिडवे बसण्याची सवय. ते भांडे माणसाचा भार तसा घ्यायला केलेले नसते. ते फुटले की चिनीमातीची कड सुरीसारखी कापते. गावाहून नवीन आलेल्या सुनेला हे कोणी सांगितलेले नसते.

आणि एक कारण आहे अत्याचार. त्याबद्दल पुढे बोलतो.

छोटे भोक फसवते

विळ्याने बोट कापले तर जखम डोळ्यांना दिसते. घुसलेल्या जखमेचे तसे नाही. वर हरभऱ्याएवढे भोक, आत किती खोल गेले ते बाहेरून कळत नाही. या जागेच्या जवळच लघवीची नळी आणि मूत्राशय आहे, मागे संडासाची जागा आहे, आणि मायांगाच्या वरच्या टोकाला पोटाची पोकळी आहे. लांब खुंट यातल्या कशातही जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट, ही जागा रक्ताने भरलेली आणि मऊ असते. भरपूर रक्त वाहते. बाहेर वाहिले नाही तर आत साकळते आणि लिंबाएवढी, कधी नारळाएवढी निळी-काळी गाठ येते. त्या गाठीने लघवीची वाट दाबली की लघवी तुंबते. म्हणून "रक्त थांबले, आता बरे आहे" असे म्हणून झोपू नये.

पहिला तास

बाईला आडवे करा. स्वच्छ धुतलेल्या कापडाची जाड घडी जखमेवर ठेवून घट्ट दाबा आणि पंधरा ते वीस मिनिटे दाबून धरा. मधेमधे उचलून बघू नका. उचलले की जमलेले रक्त पुन्हा सुटते. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून दहा मिनिटे बाहेरून लावा.

काडी, सळई किंवा काच आत रुतलेली असेल तर ओढू नका. तिनेच कदाचित फुटलेली रक्तवाहिनी दाबून धरलेली असते. ती हलणार नाही असे कापड भोवती लावा आणि तशीच दवाखान्यात न्या. तुकडा बाहेर आला असेल तर तो सोबत घ्या. टोक मोडून आत राहिले का, हे डॉक्टरला त्यावरून कळते.

माती लागली असेल तर उकळून गार केलेले पाणी बाहेरून ओता. आत बोळा घालू नका. हळद, चुना, मिश्री, राख, रॉकेल, शेण, तंबाखू यातले काहीही लावू नका. डेटॉल तसेच ओतले तर नाजूक कातडी भाजते.

पहिला दिवस

घुसलेली जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायची. आणि पुढीलपैकी एक जरी खूण असली तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच १०८ ला फोन करून गाडी बोलवायची:

रक्त दाबूनही थांबत नाही. सूज वाढत चालली आहे. सहा ते आठ तास लघवी झाली नाही. लघवीत किंवा संडासात रक्त आहे. पोटात दुखते, पोट कडक झाले आहे. चक्कर येते, अंग गार पडते. ताप भरतो. बाई गरोदर आहे. किंवा जखम लहान मुलीला झाली आहे.

दवाखान्यात भूल देऊन तपासणी करावी लागेल असे सांगितले तर घाबरू नका. वेदनेत खोल तपासणी नीट होत नाही. आत काडी राहिली का, लघवीची नळी शाबूत आहे का, हे बघण्याचा तोच बरा मार्ग आहे. "टाके का घातले नाहीत?" म्हणून भांडूही नका. मातीने भरलेली खोल जखम वरून शिवून टाकली तर पू आत कोंडतो, म्हणून काही जखमा धुऊन उघड्या ठेवाव्या लागतात. बाई डॉक्टर मागण्याचा हक्क आहे, तो मागा. पण रक्त वाहत असताना बाई डॉक्टर नाही म्हणून परत फिरू नका. पुरुष डॉक्टर असेल तर सोबत नर्स आणि घरची बाई थांबू द्या.

पहिले तीन आठवडे

धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणात असतो. जिथे हवा पोचत नाही अशा खोल, अरुंद जखमेत तो वाढतो, म्हणजे नेमक्या अशाच जखमेत. जखमेनंतर साधारण तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत तो उठतो. जबडा आवळतो, मान ताठ होते, अंगाला झटके येतात. बाळ-बाळंतिणीचा धनुर्वात देशातून हटल्याचे २०१५ साली जाहीर झाले. पण तो हटला लसीमुळे. जंतू अजून आपल्या वावरातच आहे.

पूर्वी टीटी म्हणायचे, आता धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींची मिळून टीडी लस देतात. लहानपणी, १० आणि १६ व्या वर्षी आणि गरोदरपणी ती मिळते. मग सुटते कोण? पन्नाशी-साठीची बाई, जिचे शेवटचे इंजेक्शन शेवटच्या बाळंतपणात झाले. मातीने माखलेली जखम असेल आणि शेवटची मात्रा घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा घ्यावी लागते. आधी लस झालीच नसेल किंवा आठवत नसेल तर डॉक्टरला तसे स्पष्ट सांगा; अशा जखमेत लसीबरोबर धनुर्वाताविरुद्धचे तयार औषधही टोचावे लागते, आणि लसीच्या पुढच्या मात्रा पूर्ण कराव्या लागतात.

मेळावा भरला आहे त्या भागाची एक गोष्ट सांगतो. पेनिसिलीन बनवणारा सरकारी कारखाना, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ साली पिंपरीत उभा राहिला आणि दुसऱ्या वर्षी उत्पादन सुरू झाले. पुण्याच्या हडपसरला १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली ती धनुर्वातावरच्या औषधाने. म्हणजे या जखमेतल्या दोन मोठ्या शत्रूंवरची औषधे याच जिल्ह्यात बनत आली. औषध कमी पडले म्हणून नव्हे, सांगायला उशीर झाला म्हणून बाई दगावते.

घरची काळजी

डॉक्टरने दिलेल्या गोळ्या बरे वाटले तरी पूर्ण घ्या. त्यांनी परवानगी दिल्यावर कोमट पाण्याच्या टबात किंवा मोठ्या घमेल्यात दहा-पंधरा मिनिटे बसायचे, दिवसातून दोन-तीन वेळा. मग मऊ कापडाने टिपायचे, घासायचे नाही. लघवीला आग होते म्हणून पाणी पिणे कमी करू नका. लघवी करताना वरून कोमट पाणी ओतले की आग कमी होते. संडासनंतर पुढून मागे धुवायचे. पाळी आली तर कापड किंवा पॅड चार-सहा तासांनी बदलायचे, कापड असेल तर उन्हात वाळवायचे. भाजी, पाणी, ताक भरपूर. कुंथावे लागले तर जखम उलते.

आता पुरुषांनी ऐकायचे. जखम भरेपर्यंत निंदणी नाही, पाण्याची घागर नाही, सायकल नाही. आणि डॉक्टर सांगेपर्यंत नवरा-बायकोचा संबंध नाही. याला चार-सहा आठवडे किंवा जास्तही लागू शकतात. हे बाईने विनवून सांगायचे नसते, नवऱ्याने स्वतः पाळायचे असते.

मागे काय राहते

वेळेवर उपचार झाले तर बहुतेक जखमा नीट भरतात. या जागेला रक्तपुरवठा चांगला आहे, त्याचा तोटा तसा हा फायदा. राहून गेले तर पुढचे प्रकार होतात.

आत काडीचा तुकडा राहिला तर गळू होते, फुटते, सुकते, पुन्हा होते. महिनोन्महिने वाहणारी जखम म्हणजे आत काहीतरी आहे असे समजा. ती मलमाने बरी होत नाही, तुकडा काढावा लागतो.

कडक वण राहिला तर बसताना, चालताना आणि संबंधाच्या वेळी दुखते. कधी वण नसतानाही शिरेला मार बसल्याने जळजळ राहते. "मनाचे खेळ आहेत" म्हणून तिला गप्प करू नका. यावर उपचार आहेत. भीतीने अंग आवळून घेण्याची सवय लागते, तिच्यावरही व्यायाम आणि समुपदेशनाने उपाय होतो.

सतत लघवी गळत असेल, किंवा पुढच्या वाटेने वारा-संडास येत असेल, तर आत दोन वाटांमध्ये छिद्र पडले आहे. अशा बायांना घरात वेगळे बसवतात, वास येतो म्हणून लग्नकार्याला नेत नाहीत. हा शाप नाही. शस्त्रक्रियेने बहुधा दुरुस्त होतो. मोठ्या सरकारी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा.

मूल होईल का? बाहेरच्या जखमेने मूल होण्याची क्षमता जात नाही. गर्भाशय आणि बीजकोश आत असतात. बाळंतपणाच्या वेळी जुन्या वणाबद्दल नर्सला आणि डॉक्टरला आधीच सांगायचे, एवढेच. आणि बाहेरच्या जखमेसाठी कोणी पिशवी काढायला सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या पिशव्या किती सर्रास काढल्या गेल्या, हे २०१९ साली साऱ्या राज्याने पाहिले.

मुलीच्या लग्नाचे काय, हा प्रश्न कोणी उघड विचारत नाही, पण पोरीची जखम लपवण्याचे खरे कारण तेच असते. म्हणून उत्तर उघड देतो. पडदा फाटला की पोर 'बिघडली' याला शास्त्रात काहीही आधार नाही. तो सायकलवरून पडून फाटतो, काहींना जन्मतःच नावापुरता असतो. त्यावरून कोणाच्या चारित्र्याचा निकाल लागत नाही. जखमेवर उपचार होतात, पण लपवलेल्या जखमेतून झालेला पू पोरीचे आयुष्य खराब करतो.

जखम कोणी केली असेल तर

मुलगी सांगते ती हकीकत आणि जखम यांचा मेळ बसत नसेल तर तिला रागावू नका. एकटीला जवळ घ्या, हळू विचारा, एकदाच विचारा. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीवरच्या अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आणि मुलीची तपासणी बाई डॉक्टरनेच करायची आहे.

२०१३ च्या दुरुस्तीनंतर शरीरात कोणतीही वस्तू घुसवणे हाही बलात्कारच धरला जातो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ते कायम आहे. अशा बाईवर सरकारी असो की खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब मोफत उपचार करायचे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९७ सांगते. "आधी पोलिसात जा, मग या" असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही दवाखान्याला नाही. पोलिसांना कळवण्याचे काम रुग्णालयाचे आहे. तपासणी बाईच्या संमतीनेच होते. दोन बोटांची ती लाजिरवाणी चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली पुन्हा बजावून बंद केली आहे. शक्य तर आंघोळ न करता जा, अंगावरचे कपडे कागदात गुंडाळून न्या. पण आंघोळ झाली असेल तरी जा. गर्भ राहू नये म्हणून आणि एड्सची लागण होऊ नये म्हणून द्यायची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. बायांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२ हे फोन पाठ करून ठेवा.

चाकण-पिंपरीत कुठे जायचे

चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे. मोठी जखम असेल तर पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, पुण्यात ससून आहे. पगारातून विम्याचे पैसे कापले जात असतील तर चिंचवडला मोहननगरचे कामगार विमा रुग्णालय तुमचे आहे. कंत्राटी कामगारालाही तो विमा लागू आहे. आपला विमा क्रमांक ठेकेदाराकडून मागून घ्या आणि घरच्यांची नावे त्यात घाला.

कामावर जखम झाली तर त्याच दिवशी अपघाताची नोंद झाली पाहिजे. पुष्कळ पोरी सुपरवायझर पुरुष आहे म्हणून "पोटात दुखते" एवढेच सांगून खोलीवर जातात. नोंद नाही म्हणजे कामावरची जखम नाही, आणि ती नाही म्हणजे त्या जखमेच्या भरपाईचा हक्कही नाही. कुठे लागले हे सुपरवायझरला सांगायची गरज नाही. "पडले, खोल जखम झाली, डॉक्टरला दाखवायचे आहे" एवढे लिहून देणे पुरे. जागा डॉक्टर लिहील.

खुंट तयार करतो कोण

शेवटी माझ्या विषयाकडे येतो. विळ्याचा किंवा कोयत्याचा घाव तिरका बसतो. पऱ्हाटी, तूर तिरकी कापली की जमिनीवर वीतभर भाला उभा राहतो. उन्हात वाळला की तो लोखंडासारखा होतो. रब्बीची ज्वारी आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी उपटतात, तिथे हा धोका कमी. खरिपाची कापतात, तिथे धसकट राहते.

पऱ्हाटी कापू नका, चिमट्याने मुळासकट उपटा. फरदड न घेता वेळेवर पऱ्हाटी काढली तर गुलाबी बोंडअळीचे चक्रही तुटते. ज्वारीची धसकटे वेचली तर त्यात दडलेला खोडकिडा पुढच्या पिकात येत नाही. जे काम पिकासाठी करायला कृषी विद्यापीठे सांगतात, तेच बाईच्या अंगासाठीही लागते. एवढे काम लगेच होत नसेल तर निदान घरामागची, विहिरीच्या वाटेची आणि बाया बसायला जातात त्या बांधाची दोन-चार गुंठे जागा आधी साफ करा. ती जागा कोणती, हे घरातल्या बाईला विचारा. पुरुषाला ती माहीत नसते.

आता प्रत्येक गावशाखेने चार कामे करायची. एक, चाळिशीपुढच्या बायांची यादी करून उपकेंद्रात टीडीच्या मात्रा मागायच्या. दोन, वेचणीच्या शेतात चार बांबू आणि गोणपाटाचा आडोसा, एक पाण्याचा ड्रम आणि एक बॅटरी. तीन, गावात दोन बाया अशा ठरवायच्या, की कोणाही बाईने रात्री दार वाजवले तर त्या तिच्यासोबत दवाखान्यात जातील. चार, त्या रात्री ज्याची गाडी निघेल त्याच्या डिझेलचे पैसे शाखेने द्यायचे, आणि हिशोबात फक्त "दवाखाना" एवढेच लिहायचे.

पुढच्या बैठकीत मी भाषण करणार नाही. या चार कामांचा हिशोब विचारणार आहे, आणि तो हिशोब बायांनी सांगायचा आहे.